आवाज येतो

गाडी घ्यायची ठरली तेव्हा
ह्यांना छपराला खिडकी असलेली आवडली.
म्हटलं, दोंडाईच्यात मे महिन्याला
डोक्यावर आणखी ऊन कशाला विकत घ्यायचं?
ओजस म्हणाला, आई, ती बंद पण होते.
मग केली कशाला, असं ओठावर आलं होतं.

सात सीट हव्यात, एवढं मात्र सगळ्यांचं जमलं.
बाईंचा गुडघा पायरी चढतो का ते पाहायला
त्यांनाच धुळ्याला नेलं.
पहिल्या शोरूममध्ये त्यांनी चपला दाराशी काढल्या,
फरशी तशी होतीच.
टाय घातलेला मुलगा म्हणाला, येस मॅडम.
सर्व्हिस वेळेवर? येस मॅडम.
डिकीत मिरचीची चार पोती बसतील? येस मॅडम.
कॉफी आली. बाईंनी बशी मागितली.

मी मागच्या बाजूला गेले.
चौदा वर्षं मिरची कांडपाचं मशीन चालवते मी.
बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी
त्याचा सूर बदललेला मला कळतो,
भाकरी थापताना, दुसऱ्या खोलीतून.
जुन्या गाडीतही सांगत होते,
डावीकडून काहीतरी वाजतंय.
हे गाणं मोठं करायचे.
चिमठाण्याच्या पुढे, रात्री साडेअकराला,
ते वाजायचं थांबलं.
गाडीही.

मागे पत्र्याखाली बाकावर
कापडण्याचे भदाणे सर डबा उघडून बसले होते.
कळण्याची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा.
कितवी खेप?
चौथी, म्हणाले. आवाज येतो.
हे म्हणतात, कॉम्प्युटरवर येत नाही.

दुसरं शोरूम पारोळा रोडला.
तिथे कॉफी नव्हती, माठ होता,
पेला साखळीने बांधलेला.
गाडीचे रंग तीनच. छपराला खिडकी नाही.
पण मागे वाल्मीक बोरसे नावाचा माणूस
कुणाच्या तरी उघड्या बॉनेटमध्ये
लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून
त्याची मूठ कानाला लावून उभा होता.
(मी उलथनं लावते.)
पोऱ्या काही विचारायला आला, त्याला हातानेच थांबवलं.
डोळे मिटलेले.

मी ह्यांना हाक मारली. म्हटलं, इथूनच घ्यायची.
हे म्हणाले, अगं, गाडी तरी पाहिलीस का?

गाडी मी नंतर पाहिली. बरी होती. पांढरी.
बाई एका दमात चढल्या
आणि उतरायला तयार होईनात.
चाकांखाली लिंबं, नारळ, पेढे, सगळं झालं.
हे महिनाभर गाडी चालवताना
मधूनच वर बघायचे,
जिथे आभाळ असायला हवं होतं.

मग तीन हजार किलोमीटरला
उजवीकडून, मागून, खड्ड्यात गेलं की,
टुक.
ओजसला आला नाही. ह्यांना आला नाही.
बाई म्हणाल्या, नव्या सुनेचे जोडवे वाजतातच,
आणि झोपल्या.

मी एकटी धुळ्याला गेले.
बोरसे शेजारच्या सीटवर बसला.
गाणं बंद केलं. एसी बंद केला. काचा वर.
बाहेर त्रेचाळीस.
नगावबारीपर्यंत गेलो, वळलो.
त्याच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता,
माझा पदर पाठीला चिकटलेला.
तो बोलला नाही. मीही नाही.
पुलाच्या सांध्यावर,
टुक.

येस, तो म्हणाला.
क्षणभर मला तो टाय दिसला.
पण ह्याने शोरूमची भाषा
बाईंच्या चपलांसारखी दाराशी काढली होती:
आवाज येस ना, ताई.

जॉबकार्डावर त्याने माझाच शब्द लिहिला.
टुक.
मग जरा थांबून, पेन झटकून,
त्यापुढे: खड्ड्यात. ताईंना आधी आला.